न मागितलेली बाकी

अंबाजोगाईच्या न्यायालयात मोहनरावांनी शपथेवर सांगितले, की केजच्या खाजामियाँ मिस्त्रीकडे त्यांचा एक रुपयाही येणे नाही. खाजामियाँ त्या वेळी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मोहनरावांचे दोन लाख रुपये आपल्यावर देणे असल्याचे त्याने स्वतःच्या अर्जात स्वतःच्या सहीने लिहून दिले होते.

खाजामियाँचे दुकान केजमध्ये कळंब रस्त्यावर होते. पत्र्याची शेड, पुढे लिंबाच्या झाडाखाली जळालेल्या मोटारींची रांग, आणि मागे दोन खोल्यांचे घर. बोअरमधल्या पाण्यातल्या मोटारी भरून देणे हे त्याचे काम. जळालेली तार पकडीने उपसून काढायची, आतल्या खाचा स्वच्छ करायच्या आणि नवी तार एकेक वेढा करून पुन्हा त्या खाचांतून ओढायची. मोटारीचे नळकांडे लांब असते. एका टोकाने घातलेली तार दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरून परत पाठवावी लागते. म्हणून या कामाला दोन माणसे लागतात. एका टोकाला खाजामियाँ बसे, दुसऱ्या टोकाला त्याची बायको आमिनाबी. तारेने दोघांच्याही तर्जन्यांवर सारख्याच खोलीच्या चिरा पडल्या होत्या. आमिनाबी भाकरी थापताना त्या बोटावर चिंधी बांधी. खाजामियाँ काही बांधत नसे.

त्या वर्षी बोअरचे पाणी उन्हाळा लागण्याआधीच खाली गेले. पाण्यातली मोटार पाण्यानेच थंड राहते; पाणी सरले की तारेवरचे आवरण वितळते आणि मोटार जळते. यात कुणाच्या नजरेचा किंवा कोपाचा संबंध नाही, जरी गावोगाव मोटारींना लिंबू-मिरच्या बांधलेल्या असत. मोहनरावांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. तरीही त्यांच्या सगळ्या बोअर दिवसभर आणि रात्रभर चालत, कारण त्यांचे टँकर दिवसभर आणि रात्रभर भरत. पाणी विकणे हा त्यांचा उन्हाळ्याचा धंदा होता. हिवाळ्यात ते राजकारण करत.

त्यांचा ड्रायव्हर पप्पू जळालेल्या मोटारी जीपमधून आणून झाडाखाली टाकी.

"मिस्त्री, मालकाच्या हायेत. सांच्याला नेतो."

"पप्पू, सांच्याला कशी होईल? पुढं चार गिऱ्हाइकं हायेत. त्यायच्या मोटारी परवापसून पडल्यात."

"पडू द्या की. ते काय तुमाला पैसे देनार हायेत व्हय?"

"देनार हायेत."

"मग तर त्ये थांबतेत. पैसे देनारा मानूस थांबतो, मिस्त्री. मालक थांबत न्हाईत."

पप्पूला हा विनोद वाटला. चार गिऱ्हाइकांपैकी तीन दुसऱ्या दिवशी आपापल्या मोटारी उचलून धारूर रस्त्यावरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेली. एकाने जाताना सांगितले, "खाजाभाई, तुमचा हात चांगला हाय. पर तुमी मोकळे नसता."

मोहनरावांच्या मोटारींची मजुरी खाजामियाँ घेत नसे. काही वर्षांपूर्वी लेथ मशीन घेण्यासाठी त्याने त्यांच्याकडून दोन लाख उचलले, तेव्हा मोहनराव म्हणाले होते, "व्याजाचं सोड. माज्या मोटारी तेवढ्या बघत जा." खाजामियाँला यात मोठेपणा दिसला. किती मोटारी, किती वर्षे, हे त्याने विचारले नाही. उपकार करणाऱ्याला हिशेब विचारायचा नसतो, अशी त्याची समजूत होती, आणि ती समजूत त्याने कधी तपासली नाही. नवी तार मोहनराव देत आणि मोजून देत. उपसलेली जळकी तार मात्र पप्पू तराजूत घालून परत नेई. इतर गिऱ्हाइकांची जळकी तार मिस्त्रीकडेच राहते. ते तांबे भंगारात विकून मिस्त्रीचा चहापाण्याचा खर्च निघतो. पप्पू तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत थांबे आणि खाली सांडलेले तुकडे पायाने गोळा करी.

त्याच्या आदल्या वर्षी एकदा आमिनाबीने स्वतःहून पाटल्या मोडल्या. वेगवेगळ्या देण्यांपैकी निदान एक तरी मुळासकट उपटावे, असे तिने ठरवले. खाजामियाँ दीड लाख रुपये रुमालात बांधून मोहनरावांच्या ओट्यावर गेला. ओट्यावर आणखी पाच-सहा माणसे बसलेली होती. मोहनरावांच्या पत्नी छबुबाईंनी चहा पाठवला. सगळ्यांना कपबशी आली, खाजामियाँला कागदी कप आला. कागदी कप स्वच्छतेसाठी असतो, असे त्या घरात सांगत. पाहुण्यांपैकी कुणाला ही स्वच्छता आजवर लागू झालेली नव्हती.

"मालक, दीड लाख हायेत. ऱ्हायलेले दिवाळीला देतो."

मोहनरावांनी रुमालाकडे पाहिलेही नाही. "कावून रे? मी मागितले का?"

"तसं न्हाई मालक. तुमचं देनं हाय, म्हनून..."

"देनं हाय तर ऱ्हाऊ दे. घाई काय हाय? पोरगी लग्नाची हाय तुजी. तिला ठेव." त्यांनी रुमाल बोटाने परत सरकवला. "मी कुटं पळून चाललो का तू पळून चालला?"

ओट्यावरच्या माणसांनी माना हलवल्या. एक म्हातारा म्हणाला, असा सावकार जिल्ह्यात दुसरा न्हाई. खाजामियाँच्या डोळ्यांत पाणी आले. तो पायऱ्या उतरत असताना मोहनराव मागून म्हणाले, "अन् खाजा, माळावरच्या बोअरची मोटार धाडतो. आजच बग."

आमिनाबीने परत आलेला रुमाल पाहिला आणि एवढेच विचारले, "पाटल्या मोडल्या, अन् मोकळं बी न्हाई झालो?"

"मोठं मन हाय त्यायचं."

"हौ," आमिनाबी म्हणाली. "अन् आपले हात मोकळे."

ते पैसे महिना-दोन महिन्यांत फायनान्सच्या हप्त्यांत गेले. दुकानाचे कर्ज एका कंपनीचे होते, आमिनाबीच्या बायकांच्या गटाचे दुसरीचे, आणि तारेच्या व्यापाऱ्याची उधारी वेगळी. रोख गिऱ्हाईक कमी झाले तसे हप्ते थकले. मग वसुलीवाले येऊ लागले. ते शिव्या देत नसत. त्यांना तसे शिकवलेले नव्हते. ते फक्त बसत. हेल्मेट मांडीवर घेऊन दुकानाच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसत, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणत, "आम्ही कर्जासाठी आलोय." गटाचा हप्ता चुकला त्या दिवशी गटातल्या सगळ्या बायकांना आमिनाबीच्या दारात बसवले गेले. एकीचा चुकलेला हप्ता भरला जाईपर्यंत कुणालाच उठू द्यायचे नाही, ही पद्धत. त्यातल्या भिवराबाईचे दुभते जनावर धारेची वेळ टळल्याने घरी ओरडत होते. ती वसुलीवाल्याला काही बोलली नाही. आमिनाबीला म्हणाली, "तुज्यापायी माजी म्हस तटली बाई." शेजाऱ्याला शेजाऱ्यावर सोडायचे आणि आपण सावलीत बसायचे, या पद्धतीला कंपनीच्या भाषेत सामूहिक जबाबदारी म्हणतात.

मध्ये एक कर्जमुक्ती सल्लागारही होऊन गेला. त्याचे कार्यालय मोबाइलमध्ये होते. फी घेतल्यावर त्याने सल्ला दिला, की हप्ते भरणे बंद करा. ते आधीच बंद होते. त्यानंतर त्याचा फोनही बंद झाला.

खाजामियाँची मुलगी समिना केजच्याच एका खासगी शाळेत विज्ञान शिकवत होती. तिने बापाला तहसीलजवळच्या उत्तरेश्वर वकिलांकडे नेले. वकिलांचे कार्यालय चहाच्या हॉटेलावर होते आणि अशिलापेक्षा चहाची बशी आधी येत असे.

"नादारीचा अर्ज करा," उत्तरेश्वर म्हणाले. "कायदा जुना आहे, पण आहे. तुमच्याकडे काय आहे आणि कुणाकुणाचं देणं आहे, ते सगळं कोर्टापुढं मांडायचं. काही लपवायचं नाही. कोर्टानं नादार ठरवलं, की या लोकांना दारात बसता येत नाही. विकण्याजोगं जे असेल ते विकून सगळ्यांना वाटतील. पुढं तुमची वागणूक बघून मुक्तीचा हुकूम मिळतो. तो मिळाला की उरलेलं देणं सुटलं."

"अन् हत्यारं?"

"कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. पकडी, हातोड्या, तार ओढायचं सामान तुमचंच. लेथचं सांगता येत नाही. लेथ बहुतेक जाईल."

खाजामियाँने चहाची बशी बाजूला सारली. "नादार म्हंजे दिवाळखोर ना? वकीलसाब, मी मशिदीत पयल्या रांगेत उभा ऱ्हातो."

"आताही राहताच, अब्बा," समिना म्हणाली. "वसुलीवाले बाहेर चपलांजवळ उभे असतात."

"तुला कळायचं न्हाई. आमच्यात मय्यत उचलायच्या आदी पोरगा उभं ऱ्हाऊन इचारतो, मरहूमकडं कुनाचं काही देनं असंल तर सांगा, न्हाईतर माफ करा. आपला पोरगा अरमान पुन्याहून येऊन काय सांगील? माज्या बापानं कोर्टातून कागद आनला?"

"कंपनीवाले तुमच्या मय्यतीला येणार नाहीत."

"मोहनराव येतील," खाजामियाँ म्हणाला. त्याच्या भीतीचे नाव त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारले गेले.

उत्तरेश्वरांनी विचारले, "त्यांचं नाव टाकायचं का? हप्ता नाही, चिठ्ठी नाही."

"टाकायचं म्हंजे? देनं हाय त्यायचं. खोटं लिवनार न्हाई."

"मग टाकू. त्यांना नोटीस जाईल, ते येऊन सांगतील. जे देणं कोर्टात सिद्ध होतं तेच हुकमानं सुटतं. जे सिद्ध झालं नाही, ते तुमचं तुम्ही आणि त्यांचं ते." वकिलांनी हे वाक्य सवयीने सांगितले. ऐकणाऱ्यांनीही सवयीने सोडून दिले.

अर्ज दाखल झाला. लेथ कागदावर आला. समिनाने आपला पगार कागदावर यावा का, असेही विचारले. तो तिचा स्वतःचा असल्याने आला नाही. कंपन्यांचे वकील तारखांना उभे राहिले आणि मिस्त्रीकडे भरपूर काम असते, त्याचे अंगण मोटारींनी भरलेले असते, असे त्यांनी छायाचित्रे दाखवून सांगितले. छायाचित्रांतल्या बहुतेक मोटारी मोहनरावांच्या होत्या.

मोहनराव ज्या दिवशी आले त्या दिवशी ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. आपले देणे बुडू नये म्हणून ते अर्जाला विरोध करतील, अशी उत्तरेश्वरांची अटकळ होती. मोहनरावांनी शपथ घेतली आणि वर लिहिलेले वाक्य उच्चारले. न्यायाधीशांनी अर्जाकडे बोट दाखवून पुन्हा विचारले.

"त्याचा गैरसमज झाला असेल, साहेब," मोहनराव म्हणाले. "माझं काही येणं नाही. गरीब माणूस आहे."

त्यांचे नाव यादीतून निघाले. उरलेल्यांच्या बाबतीत खाजामियाँला पुढच्या तारखेला नादार ठरवण्यात आले. त्यानंतर वसुलीवाले दुकानाच्या बाकावर दिसले नाहीत, आणि भिवराबाईही पुष्कळ दिवस आमिनाबीशी बोलली नाही.

मोहनरावांनी असे का सांगितले, यावर केजमध्ये मते पडली. पहिले मत असे, की बिनपरवाना सावकारीच्या गुन्ह्याला ते भ्याले. उत्तरेश्वरांनी ते मत चहाच्या पहिल्या घोटातच खोडले. हातउसने दिले होते असे म्हटले असते तर गुन्ह्याचा प्रश्नच उद्भवला नसता; त्याच महिन्यात मोहनरावांनी आपल्या एका जुन्या ड्रायव्हरवर हातउसन्या पैशांचा दावा केला होता आणि तेथे ते मुळीच भ्याले नव्हते. दुसरे मत असे, की मोहनराव नारायणगडाला दर्शनाला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांचे मन पालटले. हे मत मोहनरावांनाही आवडत असे. कुणी बोलून दाखवले की ते डोळे मिटत. ज्या आठवड्यात ते गडावर गेले त्याच आठवड्यात त्यांनी त्या ड्रायव्हरची मोटारसायकल उचलून आणली होती. गडाचा प्रभाव निवडक माणसांवर पडतो असे मानले तरच हे मत टिकते.

तिसरे मत खुद्द खाजामियाँचे होते. "माफ केलं त्यायनी. चार मानसांत, शपतंवर. आनखी काय पाहिजे?"

समिनाने त्यावर वाद घातला नाही. ती म्हणाली, "माफ केलं असेल तर त्यांच्या मोटारी इथं येणार नाहीत. आणि आल्या तर मजुरीसकट येतील. बघू."

मोटारी आल्या. पप्पूने दोन नळकांडी झाडाखाली गडगडत सोडली.

"मिस्त्री, उद्या सांच्याला पाहिजेत. टँकर उभे हायेत."

खाजामियाँने पकड उचलली. तिसरे मत त्याच्या तोंडून पुन्हा ऐकू आले नाही. शाळेची सुट्टी होती. समिना दारात उभी होती.

"पप्पूभाऊ, मजुरी?"

"कसली मजुरी मॅडम? कदी दिली का?"

"आजवर देणं होतं. आता नाही. तुमच्या मालकांनी कोर्टात सांगितलं."

पप्पू हसला. "कोर्टात काय बी सांगतेत लोक. तिथं काय मोटार भरायची असती का?" त्याने फोन लावला.

मोहनराव येईपर्यंत खाजामियाँने एक मोटार उपसली, खाचा साफ केल्या आणि नव्या तारेचा पहिला वेढा आत सोडला. तार दुसऱ्या टोकातून वीतभर बाहेर आली. त्या टोकाला आमिनाबी नेहमीच्या जागी बसली होती, पण तिचे हात मांडीवर होते. तिने तार धरली नाही.

"धर की," खाजामियाँ म्हणाला.

"आदी इचारा त्यायला."

मोहनराव आपल्या दुसऱ्या गाडीतून उतरले. त्यांनी समिनाकडे पाहिले नाही, आमिनाबीकडेही नाही. "खाजा, काय ऐकतो मी? तू सांग. माजं देनं हाय का न्हाई?"

"हाय मालक."

"बस. मग कोर्टातलं कोर्टात. तुज्यामाज्यातलं जबानीवर हाय."

"ठीक," समिना म्हणाली. "देणं आहे, हे दोघांना मान्य आहे. किती आहे?"

मोहनराव रुमाल काढून मान पुसू लागले.

"आकडा सांगा. अब्बांना नाही, मला सांगा. माझा पगार माझा आहे. खात्यात आहेत ते आज देते, कमी पडले तर शाळेच्या पतपेढीतून उचलते. व्याज धरा, मजुरी वजा करा, किंवा नका करू. तुमच्या मनानं लावा, पण आकडा सांगा."

"मी पोरीसोरींशी बोलत न्हाई."

"मग मी इचारतो," खाजामियाँ म्हणाला. पकड त्याच्या हातात तशीच होती. "सांगा मालक, किती?"

"घाई काय हाय बे?"

खाजामियाँने मान वर केली. "दीड लाख आनले, तवाबी तुमी हेच म्हनला."

"मग? वंगाळ म्हनलो का? तुज्या पोरीसाठीच म्हनलो."

"न्हाई. वंगाळ न्हाई म्हनला. किती हाय तेवढं सांगा. लाख, दोन लाख, पाच लाख. पाच म्हना."

मोहनरावांनी पाच म्हटले नाही. त्यांना पाच म्हणायला काहीच हरकत नव्हती. समोरची माणसे पाचही कबूल करण्याच्या तयारीत होती. त्यांनी उघड्या मोटारीकडे पाहिले आणि म्हणाले, "मोटारी उद्या पाहिजेत. दोन टँकर उभे हायेत."

विचारलेल्या प्रश्नाचे त्यांनी त्या दिवशी दिलेले हे एकमेव उत्तर होते.

खाजामियाँने पकडीने तार कापली. आतला वेढा ओढून काढला, गुंडाळला आणि मोहनरावांच्याच तारेच्या वेटोळ्यावर ठेवला. "भरून देतो. मजुरी रोख, आदी. जळकी तार दुकानाची."

"नादार मानूस तू," मोहनराव म्हणाले. "अन् मला भाव सांगतो?"

"नादार हाय मालक. कोर्टानंच सांगितलं. म्हनून उधारी बंद हाय."

पप्पूला हसू आले. मालक उभे असल्याने त्याने ते खोकल्यात दाबले. मग त्याने एकट्याने दोन्ही मोटारी जीपमध्ये चढवल्या. मदतीला कुणी हात लावला नाही. जीप धारूर रस्त्याकडे वळली. तेथल्या मिस्त्रीने दोन्ही मोटारींची मजुरी आधी घेतली, असे संध्याकाळी कळले, आणि मोहनरावांनी माळावरची बोअर रात्री बंद ठेवायला सुरुवात केली, असे पुढच्या आठवड्यात.

मोहनरावांनी आकडा सांगितला नाही याचे कारण असे. मोहनरावांना दोन लाख रुपये परत नको होते. ते ओट्यावर घेतले असते तर देणे त्याच दिवशी संपले असते. न्यायालयात कबूल केले असते तर मुक्तीच्या हुकमाबरोबर इतरांच्या देण्यासारखेच सुटले असते. घरी न मागितलेले आणि न्यायालयात नाकारलेले देणे फिटतही नाही आणि सुटतही नाही. ते फक्त ज्याच्यावर आहे त्याच्या मनात राहते. खाजामियाँच्या मनात ते टिकून राहावे, यासाठी मोहनरावांनी दोन्ही वेळा पैशांवर पाणी सोडले. त्या बदल्यात दर उन्हाळ्यात त्यांच्या मोटारी फुकट भरून मिळत होत्या. त्या मोटारींमुळे खाजामियाँची रोख गिऱ्हाइके गेली, गिऱ्हाइके गेल्यामुळे हप्ते थकले. खाजामियाँ नादार झाला तो मोहनरावांच्या मोटारी भरून.